डिस्कॉर्डियनिझम : सुव्यवस्था आणि अव्यवस्था या दोन्ही पाहणाऱ्याच्या मनातच असतात का?

पैलतीर (प्रश्न)

प्लूटोचे ग्रहपद कसे गेले यावर शाळेतल्या मुलांसाठी एक टिपण लिहीत असताना एरिस या बटुग्रहाचा इतिहास वाचनात आला. माइक ब्राउन, चाड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी पॅलोमार वेधशाळेत टिपलेल्या छायाचित्रांतून २००५ साली तो शोधून काढला. तो जवळपास प्लूटोएवढाच असल्यामुळे एकाला ग्रह म्हणायचे तर दुसऱ्याला का म्हणायचे नाही, असा वाद माजला आणि अखेर ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाला ग्रहाची व्याख्या मतदानाने ठरवावी लागली. एवढी कळ लावणाऱ्या या गोलाला पुढच्याच महिन्यात ग्रीकांच्या कलहदेवतेचे नाव मिळाले आणि त्याच्या चंद्राला तिची मुलगी डिस्नोमिया हिचे.

त्या नावाचा माग काढता काढता मला कळले की या देवीची उपासना सांगणारा एक आधुनिक पंथही आहे. डिस्कॉर्डियनिझम हे त्याचे नाव आणि ‘प्रिन्सिपिया डिस्कॉर्डिया’ ही त्याची पोथी. त्याची गणना सर्वत्र विडंबन-धर्मांत केलेली दिसते. ‘उडत्या शेवयांच्या राक्षसा’ची म्हणजे फ्लाइंग स्पॅगेटी मॉन्स्टरची ज्या पंक्तीत मांडणी होते, त्याच पंक्तीत याही पंथाला बसवतात. परंतु पोथीतली काही पाने वाचल्यावर माझे मन अडखळले. जगात दिसणारी सुव्यवस्था आणि दिसणारी अव्यवस्था या दोन्ही आपल्याच कल्पना असून खरे वास्तव त्या दोहोंच्या पलीकडे आहे, असे तिथे म्हटले आहे. निव्वळ टवाळी करायची असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता, असे मला वाटते.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की या पंथाच्या सुव्यवस्था-अव्यवस्थेच्या विचाराला गांभीर्याने घ्यावे इतके त्यात बळ आहे का. दुसरा असा की सगळे विडंबन-धर्म एकाच जातकुळीचे आहेत, की त्यांचे हेतू निरनिराळे आहेत. ज्यांनी हे मुळातून वाचले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रानजाई

पोथी मी अनेकदा वाचली आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे माझ्या उत्तरात थोडा पक्षपात आढळला तर तो समजून घ्यावा.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या व्हिटिअर भागातले ग्रेग हिल आणि केरी थॉर्नली हे दोन शाळासोबती पंथाचे संस्थापक. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रात्रभर उघड्या असणाऱ्या एका बोलिंग ॲलीत बसून ते जगातल्या कलहाविषयी बोलत होते, एकाएकी काळ थांबला, एक चिंपांझी त्यांच्यासमोर आला आणि त्याने एक गुंडाळी उलगडून दाखवली, असे पोथीत सांगितले आहे. गुंडाळीवरच्या चिन्हाचा त्यांनी पाच दिवस शोध घेतला आणि पाचव्या रात्री दोघांनाही एकच स्वप्न पडले. स्वप्नात एरिस आली आणि तिने त्यांना एवढेच सांगितले की तुम्ही मुक्त आहात. पुढे हिलने मॅलाक्लिप्स द यंगर आणि थॉर्नलीने ओमर खय्याम रेव्हनहर्स्ट अशी नावे घेतली. पोथीच्या पहिल्या आवृत्तीच्या अगदी मोजक्या प्रती निघाल्या, आज सर्वत्र वाचली जाते ती १९७०ची चौथी आवृत्ती. टंकलिखित मजकूर, कापून चिकटवलेली चित्रे, रबरी शिक्के, हाताने काढलेल्या रेघोट्या असे तिचे रूप आहे. तिचे पुनर्मुद्रण करण्यास कोणालाही मोकळीक दिलेली होती आणि हे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू होण्याच्या बरीच वर्षे आधीचे आहे, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

आता मुख्य विचाराकडे येते. पोथी म्हणते की आपण वास्तवाकडे खिडकीतून पाहतो आणि त्या खिडकीच्या काचेवर आपल्या संस्कृतीने कल्पनांची एक जाळी आखून ठेवलेली असते. जे जाळीच्या रेषांशी जुळते त्याला आपण सुव्यवस्था म्हणतो, जे जुळत नाही त्याला अव्यवस्था. जाळी बदलली की कालची अव्यवस्था आज सुव्यवस्था दिसू लागते. सुव्यवस्था तेवढी खरी आणि अव्यवस्था खोटी, असे मानणे हा एक भ्रम. अव्यवस्था खरी आणि सुव्यवस्था खोटी, असे मानणे हा तेवढाच मोठा दुसरा भ्रम. हा दुसरा भाग पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. डिस्कॉर्डियन लोक अनागोंदीचे पूजक आहेत असा समज पसरला आहे, पण पोथीने अनागोंदीलाही गादीवर बसवलेले नाही. पंथाचे चिन्ह पाहिले तरी हे कळते. चिनी यिन-यांगसारख्या वर्तुळाच्या एका भागात पंचकोन आहे आणि दुसऱ्या भागात सोन्याचे सफरचंद. पंचकोन सुव्यवस्थेचा, सफरचंद कलहाचे, आणि दोन्ही एकाच वर्तुळात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते ग्रेफेसच्या शापाचे पान. ख्रिस्तपूर्व ११६६ मध्ये ग्रेफेस नावाच्या एका कुढ्या माणसाने असा प्रचार केला की विश्व ही गंभीर बाब आहे आणि खेळ म्हणजे पाप, आणि तेव्हापासून माणसे सुव्यवस्थेच्या नावाखाली एकमेकांना छळत आली, अशी ती कथा. कथा कल्पित आहे हे उघड आहे. पण तिच्या शेवटी जे विवेचन आहे त्यात विनोदाचा लवलेश नाही. सुव्यवस्था निवडा किंवा अव्यवस्था निवडा, दोन्हींत निर्माणही येते आणि विध्वंसही येतो. म्हणून निवड करायची ती निर्माण आणि विध्वंस यांत करावी, मग त्या निर्माणात सुव्यवस्था आणि अव्यवस्था दोन्ही आपापली जागा घेतील, असा त्याचा आशय आहे. तुरुंगाची आखणीही सुव्यवस्थित असते आणि कोणतेही नवे चित्र आकार घेण्याआधी कागदावर गोंधळच असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे या विधानाचे वजन कळते.

मग एवढी थट्टा कशासाठी? पंथाच्या पाच आज्ञांपैकी एक आज्ञा शुक्रवारी हॉटडॉग खाण्यास सांगते, कारण शुक्रवारी मांस न खाणारे कॅथलिक, डुकराचे मांस न खाणारे ज्यू, गोमांस न खाणारे हिंदू आणि मांसच न खाणारे बौद्ध या सर्वांचा त्यात एकत्र निषेध होतो. लगेच पुढची आज्ञा हॉटडॉगचा पाव खाण्यास मनाई करते, म्हणजे डिस्कॉर्डियनांचाही निषेध झाला. आणि पाचवी आज्ञा सांगते की डिस्कॉर्डियनाने वाचलेल्या कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवू नये. स्वतःवरच विश्वास ठेवू नका असे बजावणारी पोथी अंधपणे मानताच येत नाही, वाचकाला स्वतः विचार करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. थट्टा हे या पंथाचे साधन आहे, असे माझे मत आहे. मार्गो ॲडलर यांनी अमेरिकेतल्या नवमूर्तिपूजकांवर १९७९ साली जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी ग्रेग हिल यांच्याशी बोलून या पंथाची दखल घेतली आहे. सुरुवात विनोद म्हणून झाली, पण विनोद मनापासून करत राहिल्यावर त्यातून खरोखरीचे काहीतरी घडू लागले, अशा अर्थाचे हिल यांचे म्हणणे तिथे वाचायला मिळते.

कमांडलाइन

रानजाई यांनी ज्या सनाचा उल्लेख केला, त्यावरून या पंथाची एक पूर्ण दिनदर्शिका चालते आणि मूळ प्रश्नाच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे, म्हणून तिच्याविषयी लिहितो. लिनक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या जुन्या मंडळींना ‘डीडेट’ ही आज्ञा आठवत असेल. ती बरीच वर्षे मूलभूत साधनांच्या संचातच येत असे, पुढे वेगळी काढली गेली. ती दिली की पडद्यावर डिस्कॉर्डियन तारीख उमटे.

वर्षाचे पाच ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे ७३ दिवस, म्हणजे ३६५. आठवडा पाच वारांचा, म्हणजे वर्षाला बरोबर ७३ आठवडे. लीप वर्षातला २९ फेब्रुवारी हा ‘सेंट टिब’चा दिवस, तो कोणत्याही ऋतूत नाही आणि कोणत्याही वारात नाही. इसवी सनात ११६६ मिळवले की त्यांचे वर्ष निघते. या रचनेमुळे एखाद्या तारखेचा वार कधीच बदलत नाही. उदाहरणार्थ १ मे घ्या. वर्षातला तो १२१वा दिवस. पहिल्या ‘केऑस’ ऋतूचे ७३ दिवस वजा केले की दुसऱ्या ‘डिस्कॉर्ड’ ऋतूचा ४८वा दिवस येतो. वार असतो ‘स्वीटमॉर्न’, म्हणजे आठवड्याचा पहिला. दरवर्षी, न चुकता. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र १ मे कधी रविवारी येतो तर कधी बुधवारी, महिने कधी ३० दिवसांचे तर कधी ३१ दिवसांचे आणि फेब्रुवारीची तऱ्हाच वेगळी.

कलहदेवीच्या भक्तांची दिनदर्शिका जगात रूढ असलेल्या दिनदर्शिकेपेक्षा अधिक नेटकी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पुरस्कर्त्यांनी १७९३ साली पूर्ण गांभीर्याने अशीच एक दिनदर्शिका अमलात आणली होती. ३० दिवसांचे १२ महिने, दहा दिवसांचा आठवडा आणि वर्षअखेरीस पाच-सहा जादा दिवस. विश्रांतीचा दिवस सातव्याऐवजी दहाव्या दिवशी आल्याने लोक वैतागले आणि १८०६च्या आरंभी नेपोलियनच्या राजवटीत ती रद्द झाली. गणिती नेटकेपणा आणि माणसांना जी घडी सोयीची वाटते ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोथीतल्या जाळीचा मुद्दा मला इथे हाताने चाचपून पाहता येतो.

त्या पाच ऋतूंची नावे क्रमाने केऑस, डिस्कॉर्ड, कन्फ्यूजन, ब्युरोक्रसी आणि आफ्टरमाथ अशी आहेत. मूळ अवस्था, मग तंटा, मग गोंधळ, मग नोकरशाही आणि शेवटी पडझड. अव्यवस्थेवर उपाय म्हणून उभारलेली नोकरशाहीच शेवटी पडझडीला कारण होते, असा इतिहासाचा क्रम त्यांनी ऋतूंत गुंफला आहे.

अव्यय

पैलतीर यांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण पेशाने माझा संबंध कायद्याशी आहे. शेवयांचा राक्षस आणि एरिस यांना एका माळेत ओवणे मला मान्य नाही. दोघांचे जन्मच वेगळ्या कारणांसाठी झाले आहेत.

२००५ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळात विज्ञानाच्या वर्गात उत्क्रांतीच्या जोडीला ‘इंटेलिजंट डिझाइन’लाही, म्हणजे सजीव सृष्टी कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवली या विचारालाही, वाव द्यावा, असा प्रयत्न चालू होता. त्यावर बॉबी हेंडरसन या पदार्थविज्ञानाच्या तरुण पदवीधराने मंडळाला खुले पत्र लिहिले. विश्व एका उडत्या शेवयांच्या राक्षसाने निर्माण केले अशी आमचीही श्रद्धा आहे, तेव्हा वर्गात तिलाही समान वेळ द्यावा, अशी त्यात मागणी होती. चाच्यांची संख्या घटत गेली तसे पृथ्वीचे तापमान वाढत गेले, असा आलेखही त्याने जोडला होता. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे दाखवण्यासाठी याहून चांगला आलेख माझ्या पाहण्यात नाही. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नव्हे असा निर्णय दिला आणि कॅन्ससच्या मंडळानेही आपले वादग्रस्त निकष २००७ मध्ये मागे घेतले. म्हणजे या विडंबनाला नेमका प्रतिपक्ष होता, नेमकी मागणी होती आणि सरकारच्या दारात उभे राहून ते केलेले होते. डिस्कॉर्डियनांनी सरकारकडे अशी काही मागणी केल्याचे दिसत नाही. त्यांनी प्रत्येक स्त्री-पुरुषाला पोप घोषित केले, तशी ओळखपत्रे छापली आणि मान्यता कोणाकडून घ्यायची हा प्रश्नच निकालात काढला.

पुढे शेवयांच्या चर्चचे अनुयायी निरनिराळ्या देशांत धर्मचिन्ह म्हणून डोक्यावर चाळणी घालून परवान्यासाठी छायाचित्रे काढू लागले, तेव्हा न्यायालयांपुढे खरा पेच उभा राहिला. ऑस्ट्रियात २०११ मध्ये निको आल्म यांना असा वाहन परवाना मिळाला. न्यूझीलंडने या चर्चला विवाह लावण्याचा अधिकार दिला आणि एप्रिल २०१६ मध्ये आकारोआ येथे पहिला विवाह लागला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या संघीय न्यायालयाने एका कैद्याच्या दाव्यात उलट निर्णय दिला की हे विडंबन आहे, धर्म नव्हे. नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानेही ऑगस्ट २०१८ मध्ये म्हटले की यात धर्माला आवश्यक असलेले गांभीर्य आणि सुसंगती नाही.

गांभीर्य कोणत्या मापाने मोजायचे, हा यातला अवघड प्रश्न आहे. पोथीतल्या गोष्टी असंभव आहेत, हे माप लावता येत नाही, कारण ते लावले तर जगातला एकही धर्म शिल्लक राहणार नाही. म्हणून न्यायालये मजकुराऐवजी अनुयायांच्या प्रामाणिकपणाकडे आणि आचरणाकडे पाहतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९५४च्या शिरूर मठ प्रकरणात म्हटले की धर्माला ईश्वर असलाच पाहिजे असे नाही, बौद्ध आणि जैन ही त्याची उदाहरणे आहेत. अनुयायांना जे आपल्या आत्मिक कल्याणाचे वाटते त्या श्रद्धांची आणि तत्त्वांची एक व्यवस्था मात्र हवी. आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की कोणताच धर्म नसण्याचे स्वातंत्र्यही राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये अंतर्भूत आहे, शासकीय अर्जावर धर्म लिहिण्याची सक्ती शासनाला करता येणार नाही. शिरूर मठाच्या कसोटीतला ‘व्यवस्था’ हा शब्द डिस्कॉर्डियनांना कितपत मानवेल, हे मला सांगता येणार नाही.

ओवी

एक दुरुस्ती सुचवते, कारण ग्रीक साहित्य हा माझ्या आवडीचा विषय आहे. हिल आणि थॉर्नली यांनी केऑस आणि एरिस एकच मानले, पण हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यांत ही दोन वेगळी तत्त्वे आहेत. केऑस सर्वांत आधी होते, आणि ग्रीकांच्या लेखी ते गोंधळ नसून एक अथांग पोकळी होती. एरिस ही खूप पुढची, रात्रीची मुलगी. पेलेउस आणि थेटिस यांच्या विवाहाला तिला बोलावले नाही, म्हणून तिने सर्वांत सुंदर स्त्रीसाठी असे कोरलेले सोन्याचे सफरचंद देवींच्या मेळाव्यात टाकले आणि त्या भांडणातून शेवटी ट्रॉयचे युद्ध उभे राहिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण शेतीवरच्या आपल्या काव्यात हेसिअड म्हणतो की पृथ्वीवर एरिस दोन आहेत. एक युद्धे पेटवणारी आणि दुसरी आळशालाही कामाला लावणारी. शेजाऱ्याचे शेत पिकलेले पाहून माणूस नांगर धरतो आणि कुंभार कुंभाराशी, सुतार सुताराशी चढाओढ करतो ती या दुसऱ्या एरिसमुळे. रानजाई यांनी निर्माण आणि विध्वंस यांतल्या निवडीचे जे पान सांगितले, त्याचे मूळ रूप मला इथे दिसते, जरी संस्थापकांनी ते हेसिअडवरून घेतले असे मी म्हणणार नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे अलक्ष्मीची आठवण होणे स्वाभाविक आहे. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी निघालेली थोरली बहीण, जिथे कलह तिथे तिचा वास आणि लक्ष्मीपूजनानंतर मध्यरात्री सूप वाजवून तिला घराबाहेर घालवण्याची रीत. साम्य आहे ते एवढ्यापुरते की दोघीही न बोलावलेल्या आहेत. अलक्ष्मीला घालवून घर स्वच्छ करायचे असते, डिस्कॉर्डियन मात्र न बोलावलेलीला पहिले पान वाढतात.

भागाकार

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मूळ प्रश्नाचे उत्तर देताना सर्वांनी पोथीला जरा जास्तच सवलत दिली, असे वाटते. मी गणित शिकवतो आणि त्या बाजूने माझा आक्षेप नोंदवतो.

पंथात ‘पाचाचा नियम’ आहे. जगातली प्रत्येक गोष्ट पाचाने घडते, पाचाने भागली जाते किंवा कोणत्या ना कोणत्या प्रकारे पाचाशी जोडलेली असते, असा तो नियम. आपण जितके बारकाईने पाहतो तितका तो अधिक खरा ठरतो, असेही पोथी सांगते. मराठी माणसाला याचा पडताळा घेणे अगदी सोपे आहे. पंचमहाभूते, पंचप्राण, पंचामृत, पंचायतन, पंचक्रोशी, आणि तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पंचांगाची पाच अंगे. २३ ही संख्या समोर आली तर दोन आणि तीन मिळून पाच होतात. मग सप्तर्षींचे काय? सातातून दोन वजा करा. नियम कधी चुकत नाही, कारण चुकण्याची वाटच त्याने ठेवलेली नाही.

याचे एक भक्कम गणिती कारण आहे. फ्रँक रॅमसे या अल्पायुषी इंग्रज गणितज्ञाच्या १९३०च्या निबंधातून जी शाखा निघाली, तिचा गाभा असा आहे की पुरेसा मोठा कोणताही समूह घ्या, तो कितीही अस्ताव्यस्त असला तरी त्यात कुठेतरी नेटका आकृतिबंध सापडतोच. कोणतीही सहा माणसे एका खोलीत आणा. त्यांत एकमेकांना ओळखणारी तिघे तरी निघतील किंवा एकमेकांना अनोळखी असलेली तिघे तरी निघतील. एक माणूस निवडा. उरलेल्या पाच जणांपैकी किमान तिघे त्याच्या ओळखीचे असतील किंवा किमान तिघे अनोळखी असतील. समजा तिघे ओळखीचे आहेत. त्या तिघांपैकी कोणीही दोघे एकमेकांना ओळखत असतील तर पहिल्यासह आपले त्रिकूट झाले. एकही जोडी ओळखत नसेल तर ते तिघेच परस्परांना अनोळखी ठरले. तिघे अनोळखी असले तरी हाच युक्तिवाद उलटा चालतो. सहा हवीतच, पाच पुरत नाहीत. पाच माणसांना गोल बसवून प्रत्येकाला फक्त दोन्ही बाजूंचे शेजारी ओळखीचे ठेवले, तर कोणतेच त्रिकूट सापडत नाही. आणि ती रचना कागदावर काढली की पंचकोन तयार होतो! एखादा डिस्कॉर्डियन यालाही पाचाच्या नियमाचा पुरावा म्हणेल आणि मला जे सांगायचे आहे ते नेमके हेच आहे.

म्हणून पोथीचे निम्मे म्हणणे मी मान्य करतो. दिसणारे आकृतिबंध हे पुष्कळदा आपण कुठे आणि किती वेळ शोधतो यावर अवलंबून असतात. पण कोणतीही जाळी दुसरीपेक्षा अधिक सत्य नसते, हे उरलेले निम्मे मला पटत नाही. एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने १९६१ साली संगणकावर हवेचे एक साधे प्रारूप चालवताना ०.५०६१२७ या संख्येऐवजी ०.५०६ एवढीच भरली, आणि थोड्याच काळात दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. १९६३ साली त्याने त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि शास्त्रीय अर्थाने ज्याला आज केऑस म्हणतात त्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. तिथे समीकरणे पूर्ण नियमबद्ध आहेत, यदृच्छेला कुठेही जागा नाही, तरीही दूरचे भाकीत करता येत नाही. सुव्यवस्था आणि अव्यवस्था परस्परविरोधी नाहीत हे यातून दिसते आणि तेवढ्यापुरता पोथीला पाठिंबाही मिळतो. पण भाकिताची ती मर्यादा पाहणाऱ्याच्या मनात नसते. तुम्ही कोणत्याही संस्कृतीत वाढलेले असा, कोणतीही काच डोळ्यांसमोर धरा, ठरावीक दिवसांपलीकडचे हवामान तुम्हाला सांगता येणार नाही. ग्रहणाची वेळ मात्र शंभर वर्षे आधी सांगता येईल. जी जाळी ग्रहण सांगते आणि जी जाळी सर्वत्र पाच शोधते, त्या दोघींना एकाच पायरीवर बसवणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

पैलतीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भागाकार यांचा आक्षेप मला पटला आणि तरीही रानजाई यांनी सांगितलेले ग्रेफेसचे पान डोक्यातून जात नाही. आता माझ्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला आहे. वाचलेल्यावर विश्वास ठेवू नका असे सांगणाऱ्या या पंथाने त्याच्या स्वतःच्या माणसांचे काय केले? संशयाची एवढी सवय लावून घेतलेला माणूस अखेर कुठे पोचतो?

रानजाई

आधी भागाकार यांना उत्तर देते. काही जाळ्या अधिक उपयोगी, काही अधिक सुंदर असतात, हे पोथीनेही मान्य केले आहे. नाकारले आहे ते त्यांचे अंतिम सत्यत्व. परंतु ग्रहणाच्या उदाहरणापुढे हा बचाव लंगडा पडतो, हे मी कबूल करते. निसर्गाच्या नियमांविषयी पोथी फारशी विश्वसनीय नाही. माणसांनी घातलेल्या घड्यांविषयी, म्हणजे नीतिनियम, दिनदर्शिका, कचेऱ्या, पंथ यांच्याविषयी ती खूप काही शिकवते, असा माझा अनुभव आहे.

पैलतीर, तुमच्या नव्या प्रश्नाचे उत्तर दुःखद आहे. केरी थॉर्नली १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या एल टोरो तळावर अमेरिकेच्या मरीन दलात होते आणि तिथे त्यांच्याच तुकडीत ली हार्वे ऑस्वाल्ड होता, ज्याच्यावर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा आरोप झाला. ऑस्वाल्ड पुढे रशियात निघून गेला तेव्हा थॉर्नली यांनी त्याच्यावर बेतलेली एक कादंबरी लिहायला घेतली. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि हत्येच्या आधीच ऑस्वाल्डवर कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून थॉर्नली चौकशीच्या चक्रात सापडले. १९६४ मध्ये त्यांनी हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापुढे साक्ष दिली. पुढे न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी त्यांच्यावर खोट्या साक्षीचा आरोप ठेवला, तो नंतर मागे घेतला गेला.

याच सुमारास थॉर्नली आणि त्यांचे मित्र, त्यांत लेखक रॉबर्ट अँटन विल्सनही होते, एक मोहीम चालवत होते. १७७६ साली बव्हेरियात स्थापन झालेली आणि दहा वर्षांच्या आतच सरकारी बंदीमुळे संपलेली इल्युमिनाटी ही गुप्त संस्था अजून जिवंत असून जगातल्या सगळ्या घटनांमागे तिचाच हात आहे, अशा बनावट बातम्या आणि पत्रे त्यांनी नियतकालिकांत पेरली. परस्परविरोधी कारस्थानांचा एवढा भडिमार केला की वाचक सगळ्याच अधिकृत आणि अनधिकृत कथांवर शंका घेऊ लागतील, हा त्यामागचा हेतू होता. विल्सन आणि रॉबर्ट शे यांच्या १९७५च्या कादंबरीत्रयीने हा सगळा ऐवज घरोघरी पोचवला.

लोकांनी मात्र शंका घेण्याऐवजी विश्वास ठेवला. इल्युमिनाटीची आज जी दंतकथा आंतरजालावर फिरते, तिला या विनोदाने किती खतपाणी घातले याचा विचार केला की मन खिन्न होते. आणि खुद्द थॉर्नली? १९७०च्या दशकात त्यांची अशी खात्री होत गेली की आपण नकळत केनेडींच्या हत्येच्या कटात वापरले गेलो, न्यू ऑर्लिन्समध्ये भेटलेली माणसे त्या कटातली होती आणि आपल्यावर सतत पाळत आहे. १९९८ साली त्यांचे निधन झाले. ज्या माणसाने आकृतिबंध शोधण्याच्या मानवी हव्यासावर बोट ठेवले, तोच त्या हव्यासात अडकला. यात त्यांचा दोष किती आणि आयोगाचा, वकिलांचा, वृत्तपत्रांचा किती, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. ज्याच्याभोवती खरोखरच असे विलक्षण योगायोग घडले, त्याला ‘हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

ग्रेग हिल यांची वाट निराळी. ते हळूहळू पंथापासून दूर होत शांत जीवन जगले आणि २००० साली गेले.

वाचनाला सुरुवात करायची असेल तर चौथ्या आवृत्तीतली काचेवरच्या जाळीची आणि ग्रेफेसच्या शापाची पाने आधी वाचावीत आणि पाचाचा नियम त्यानंतर घ्यावा. क्रम उलटा झाला तर वाचक आकडे मोजण्यातच रमतो, असे मी इतरांच्या बाबतीत पाहिले आहे. पोथी आंतरजालावर विनामूल्य मिळते. पैलतीर, ग्रेफेसच्या पानाचे मराठी भाषांतर करायचे तुमच्या मनात आले, तर मी मदतीला तयार आहे.